अनेक कंदील, एकच चित्र

कापडाचे दोन पट्टे जोडून एक मोठें कापड करावयाचें असेल, तर त्यास तीन मार्ग आहेत. कांठास कांठ भिडवून टांका घालावा. एक कांठ दुसऱ्यावर चढवून शिवण घालावी. किंवा दोहोंचे धागे एकमेकांत गुंतवून सांधाच नाहींसा करावा. सोलापुरासारख्या मागांच्या गांवांत राहणारांस यांतील भेद समजावून सांगावयास नको. पहिल्या सांध्यांत फट दिसते, दुसऱ्यांत जाडी दिसते, तिसऱ्यांत कांहींच दिसत नाहीं. माझा आजचा विषय कापडाचा नसून उजेडाचा आहे. परंतु प्रश्न नेमका हाच आहे. एका लांब भिंतीवर दोन-तीन प्रोजेक्टरांनीं शेजारीं शेजारीं टाकलेलीं चित्रें एकमेकांत कशीं मिळवावीं, कीं पाहणारास सांधा कोठें आहे हें मुळींच कळूं नये?

हा प्रश्न केवळ हौशी लोकांचा राहिलेला नाहीं. संग्रहालयें, तारांगणें, मोठीं सभागृहें आणि समारंभ यांत हल्लीं अशीं रुंद चित्रें दाखविण्याचा प्रघात पडला आहे. त्यांकरितां जो पैसा खर्च होतो, तो पुष्कळदां वर्गणीचा किंवा करदात्याचा असतो. आणि तरीही कित्येक ठिकाणीं चित्राच्या मधोमध एक उभा उजळ पट्टा ठसठशीत उमटलेला दिसतो. ऐतिहासिक दरबाराचा देखावा चालूं असावा आणि नेमका सिंहासनावरून तो पट्टा जावा, म्हणजे साऱ्या देखाव्याचा रसभंग होतो. यंत्र महाग घेतलें म्हणजे सांधा आपोआप जातो, अशी बहुतेकांची समजूत असते. ती खरी नाहीं. सांधा जातो तो समजून केलेल्या कामानें जातो. आणि तें काम समजण्यास मॅट्रिकच्या गणितापलीकडे फारसें कांहीं लागत नाहीं.

ही कल्पना अगदीं कालपरवांची आहे, किंवा सर्वस्वी परदेशांतून आली, असेंही कोणीं समजूं नये. आपल्याच महाराष्ट्रांत कल्याण येथील महादेव गोपाळ पटवर्धन यांनीं १८९२ च्या सुमारास 'शांबरिक खरोलिका' या भारदस्त नांवानें जादूच्या कंदिलाचे खेळ सुरू केले. नांव भारदस्त असलें तरी त्याचा अर्थ 'जादूचा कंदील' एवढाच. मुंबईस वॉटसन हॉटेलांत ल्यूमिएर बंधूंचीं हलतीं चित्रें ७ जुलै १८९६ रोजीं प्रथम दाखविलीं गेलीं, आणि दादासाहेब फाळके यांचा 'राजा हरिश्चंद्र' १९१३ सालीं लोकांपुढें आला. म्हणजे खरोलिका या दोहोंच्याही आधींची. कांचेवर हातानें रंगविलेलीं लहान लहान चित्रें, त्यांच्यामागें प्रखर दिवा, पुढें भिंग आणि समोर पांढरा पडदा, एवढी ती सामग्री. पटवर्धन पितापुत्र ती बरोबर घेऊन गांवोगांव पौराणिक कथा दाखवीत. त्यांत मुख्य खुबी अशी कीं, एकाच पडद्यावर एकाहून अधिक कंदील रोंखून ते एका चित्रांतून दुसरें चित्र उगवल्याचा आणि चित्र हालल्याचा भास उत्पन्न करीत.

अशा जोडकंदिलाची युक्ति नीट पाहण्यासारखी आहे. दोन कंदिलांचीं चित्रें पडद्याच्या एकाच जागीं पडत असतात. आरंभीं पहिला कंदील पूर्ण उघडा आणि दुसरा पूर्ण झांकलेला असतो. मग पहिल्याचें झांकण हळूहळू मिटावयाचें आणि त्याच हिशेबानें दुसऱ्याचें उघडावयाचें. दोहोंचा मेळ बरोबर बसला, तर पहिलें चित्र दुसऱ्यांत विरघळून जातें आणि पडद्यावरील एकंदर उजेड कमी-जास्त होत नाहीं. पहिला कंदील लवकर मिटला तर मध्येंच अंधार येतो. दुसरा लवकर उघडला तर डोळ्यांवर झगमगाट येतो. एकानें जितकें सोडावें तितकेंच दुसऱ्यानें धरावें, आणि दोहोंची बेरीज सदैव एक रहावी, हा त्या खेळाचा नियम होय. आजच्या प्रोजेक्टरांचा नियमही अक्षरशः हाच आहे. फरक इतकाच कीं, जोडकंदिलांत ही मिळवणी काळांत होत असे, आणि आज ती जागेंत होते. तेथें चार क्षणांत एक चित्र मावळून दुसरें उगवे; येथें भिंतीच्या एक मीटर रुंदीच्या पट्ट्यांत डावें चित्र मावळतें आणि उजवें उगवतें.

आतां कोणी विचारील, कीं एकच मोठा प्रोजेक्टर आणून काम भागत नाहीं काय? यास उत्तर हिशेबानेंच देतों. समजा, आपली भिंत १३ मीटर रुंद आहे आणि आपल्यापाशीं ५,००० ल्यूमेन उजेडाचा एक प्रोजेक्टर आहे. त्याचें चित्र आडव्या १,९२० आणि उभ्या १,०८० ठिपक्यांचें असतें. या ठिपक्यांस पिक्सेल म्हणतात. तें चित्र १३ मीटर रुंद ताणलें, तर एकेक ठिपका जवळजवळ पावणेसात मिलिमीटरांचा होतो, म्हणजे जवळून पाहणारास ज्वारीच्या दाण्याहून मोठा दिसतो. चित्राची उंची ७.३ मीटर होते. एवढी उंच भिंत बहुधा नसतेच, म्हणून वरचा आणि खालचा उजेड फुकट जातो. शिवाय तोच उजेड ९५ चौरस मीटरांवर पसरल्यामुळें दर चौरस मीटरास अवघे ५३ ल्यूमेन मिळतात.

आतां तसलेच तीन प्रोजेक्टर घ्या. प्रत्येकाचें चित्र ५ मीटर रुंद ठेवा आणि शेजाऱ्याच्या चित्रावर एकेक मीटर चढवा. पांच त्रिक पंधरा, त्यांतून चढविलेले दोन मीटर वजा. बाकी बरोबर १३ मीटर. आतां ठिपका २.६ मिलिमीटरांचा झाला, उंची २.८ मीटर झाली, आणि दर चौरस मीटरास सुमारें ३५५ ल्यूमेन मिळाले, म्हणजे पहिल्याच्या पावणेसातपट. यंत्रें तिप्पट घेतलीं. पण ठिपका बारीक झाला आणि भिंतीच्या दर मीटरावरील उजेड तिपटीहून कितीतरी अधिक वाढला. रुंद चित्रास अनेक प्रोजेक्टर लावण्याचें कारण हें आहे.

पण मग चित्रें एकमेकांवर चढवावयाचीं कशाला? कांठास कांठ भिडवावा, म्हणजे तो एक एक मीटरही वांचेल. फ्रान्समध्यें आबेल गान्स यानें १९२७ सालीं आपल्या 'नेपोलियन' या चित्रपटांतील कांहीं भाग तीन प्रोजेक्टरांनीं तीन पडद्यांवर शेजारीं शेजारीं असाच दाखविला होता. परंतु मनुष्याचा डोळा कडा शोधण्यांत विलक्षण तरबेज आहे. पसरट उजेडांत दहावा हिस्सा फरक पडला तरी तो डोळ्यास सहसा उमगत नाहीं. तोच फरक एका सरळ रेषेवर एकदम पडला, तर ती रेषा लगेच डोळ्यांत भरते. अर्न्स्ट माख या शास्त्रज्ञानें १८६५ सालींच दाखवून दिलें, कीं उजेडाचा उतार जेथें एकाएकीं बदलतो, तेथें डोळा प्रत्यक्षांत नसलेली उजळ किंवा काळी रेघ आपल्या पदरची काढतो. त्यांत भर अशी, कीं यंत्र तापलें म्हणजे भिंगाची आणि चौकटीची जागा किंचित् सरकते. केसाएवढी फट पडली तर काळी रेघ, केसाएवढें चित्र चढलें तर पांढरी रेघ. म्हणून फट टाळावयाची तर चित्रें एकमेकांवर मोकळ्या हातानें चढवावीं लागतात; आणि चढविलीं कीं तो भाग दुप्पट उजळतो. खरी कसोटी येथून पुढें सुरू होते.

अमेरिकेंत फ्रेड वॉलर या गृहस्थानें ही कसोटी फिल्मच्या काळांत देऊन पाहिली. ३० सप्टेंबर १९५२ रोजीं न्यूयॉर्क येथें त्याचा 'सिनेरामा' लोकांनीं प्रथम पाहिला. तीन प्रोजेक्टर, तीन फिल्मा, आणि प्रेक्षकांस १४६ अंशांनीं वेढणारा वांकडा पडदा. सांध्यावरील दुप्पट उजेड मारण्याकरितां त्यानें प्रत्येक प्रोजेक्टरांत फिल्मच्या कांठाशीं दांते असलेली एक बारीक फणी बसविली, आणि ती फणी वेगानें वरखालीं थरथरेल अशी योजना केली. दांत्यांच्या या थरथरीमुळें चित्राचा कांठ करकरीत न राहतां विरत जाई. आमच्या मागावरची फणी धागे वेगळे राखून वीण घट्ट बसविते. सिनेरामाची फणी कांठ विसकटून दोन चित्रांची वीण बसवीत असे. पडदा वांकडा असल्यामुळें एका बाजूचा उजेड उडून दुसऱ्या बाजूवर पडूं नये, म्हणून तो सुमारें ११०० उभ्या पट्ट्यांचा केलेला होता. एखादी फिल्म तुटून कांहीं चौकटी गळाल्या, तर तितक्याच काळ्या चौकटी त्या जागीं जोडीत. नाहींतर घोड्याचें तोंड एका क्षणाचें आणि शेपूट दुसऱ्या क्षणाचें अशी गत व्हावयाची. इतकें करूनही सांधा पुरता लपत नसे. म्हणून दिग्दर्शक लोक तेथें झाड, खांब किंवा दाराची चौकट येईल अशी मांडणी करीत. १९६३ नंतर तीन फिल्मांची ती रीत मागें पडली आणि सिनेरामाचें नांव एकाच रुंद फिल्मच्या चित्रपटांस लागूं लागलें. कल्पना खोटी नव्हती. तिला लागणारें बारीक नियंत्रण त्या काळच्या यंत्रांच्या आंवाक्यांत नव्हतें.

आज तें संगणकामुळें आंवाक्यांत आलें आहे. तो काय करतो, हें समजण्यापूर्वीं घरीं करतां येण्यासारखा एक साधा प्रयोग सांगतों. सारख्या दोन विजेऱ्या घ्या आणि रात्रीं दिवे मालवून पांढऱ्या भिंतीवर उजेडाचे दोन गोल पाडा. गोल एकमेकांवर थोडे चढवा. मधला बदामाच्या आकाराचा भाग स्पष्ट उजळ दिसेल. आतां पहिल्या विजेरीपुढें एक पोस्टकार्ड उभें धरून तिचा उजेड त्या बदामाच्या बाजूनें थोडा अडवा, आणि दुसरीपुढें तसेंच दुसरें कार्ड धरा. कार्ड भिंतीच्या जवळ नेलें तर त्याच्या सावलीची कड सुरीसारखी पडेल. विजेरीच्या जवळ आणलें तर कड मऊ होऊन सावली हळूहळू उतरत जाईल. दोन्ही कार्डें विजेऱ्यांजवळ ठेवून थोडीं सरकवीत गेलां, कीं एक जागा अशी सांपडेल, जेथें बदाम जवळजवळ नाहींसा होईल. मुलांना हा प्रयोग अवश्य करूं द्यावा. कसलेले कारागीर अजूनही प्रोजेक्टरच्या भिंगापुढें पत्र्याची अशी पट्टी लावतात. तिचा उपयोग पुढें सांगणार आहें.

संगणक हेंच काम आंकड्यांनीं करतो. सांध्याच्या पट्ट्यांत डाव्या चित्राचा उजेड शंभरावरून शून्यावर उतरवावयाचा आणि उजव्याचा शून्यावरून शंभरावर चढवावयाचा. ठिकठिकाणची बेरीज शंभर. सरळ उतार ठेवला तरी बेरीज जमते. पण जेथें उतार सुरू होतो आणि जेथें संपतो, त्या दोन कोनांवर माखनें सांगितलेली खोटी रेघ डोकावते. म्हणून घाटाचा माथा आणि पायथा दोन्ही गोलवावे लागतात. येथें आपलें शाळेंतलें त्रिकोणमितीचें सूत्र मदतीस येतें. कोणत्याही कोनाच्या 'साइन'चा वर्ग आणि 'कोसाइन'चा वर्ग यांची बेरीज एक. पट्ट्याच्या डाव्या कांठास शून्य अंश आणि उजव्या कांठास नव्वद अंश म्हणा. डाव्या चित्रास कोसाइनचा वर्ग द्या, उजव्यास साइनचा. पट्ट्याच्या एक तृतीयांशावर, म्हणजे ३० अंशांवर, डाव्याचा उजेड ७५ आणि उजव्याचा २५. मध्यावर दोघांचा ५०. दोन तृतीयांशांवर २५ आणि ७५. बेरीज कोठेंही मोडत नाहीं, आणि दोन्ही टोंकांस उतार आपोआप गोल होतो. 'हें शिकून पुढें उपयोग काय?' असें वर्गांत जें नेहमीं विचारलें जातें, त्याचें हें एक उत्तर समजावें.

परंतु एवढ्यावर थांबणारे पुष्कळ जण फसतात. बेरीज कागदावर शंभर येते आणि भिंतीवर मात्र सांध्याच्या जागीं काळसर पट्टा दिसतो. याचें कारण असें, कीं प्रोजेक्टरास आपण उजेड देत नसून आंकडा देतों. आणि आंकडा निम्मा केला म्हणजे उजेड निम्मा होत नाहीं. मंद उजेडांतले बारीक भेद डोळ्यास अधिक कळतात, आणि जुन्या कांचेच्या नळीच्या दूरचित्रवाणी संचांचा स्वभावही तसाच होता. म्हणून चित्राच्या आंकड्यांची वांटणी मुद्दाम वांकडी ठेवलेली असते. साधारण नियम असा, कीं आंकड्याचा २.२ वा घात केला म्हणजे उजेड निघतो. त्या हिशेबानें निम्म्या आंकड्यानें शंभरांपैकीं फक्त २२ उजेड पडतो. दोन निम्मे मिळून ४४, अर्ध्याहूनही कमी! मध्यावर खरोखरी ५० उजेड हवा असेल, तर आंकडा ७३ द्यावा लागतो. ७५ उजेडास सुमारें ८८ आणि २५ उजेडास सुमारें ५३. म्हणजे आज्ञांची बेरीज १४१ किंवा १४६ होते, तेव्हां कोठें उजेडाची बेरीज शंभर राहते. यंत्रायंत्रांत हा घात थोडा बदलतो. म्हणून तो प्रत्यक्ष मापून ठरविणें बरें. सांधा उजळ दिसला तर घात कमी धरावा, आणि काळा दिसला तर वाढवावा.

यानंतरची अडचण अंधाराची आहे, आणि तीच सर्वांत चिवट आहे. प्रोजेक्टरास 'काळें दाखव' म्हटलें तरी तो पुरता काळा होत नाहीं. थोडा उजेड झिरपतोच. एकट्या चित्रांत तो कळत नाहीं. पण दोन चित्रें चढतात तेथें तो दुप्पट होतो, आणि वरखालीं व शेजारीं मिळून चार प्रोजेक्टर लावले, तर चौघांच्या कोपऱ्यांत चौपट होतो. रात्रीचा देखावा आला, कीं काळ्या आकाशांत राखी रंगाचे पट्टे उभे राहतात. येथें आंकडे कमी करून कांहीं साधत नाहीं, कारण आंकडा मुळांतच शून्य असतो. उपाय दोन. एक असा, कीं सांध्याबाहेरचा काळा भागही तितकाच किंचित् उजळावा, म्हणजे सर्व काळें सारखें होईल. मात्र त्यामुळें एकंदर चित्राचा गडदपणा थोडा जातो. दुसरा उपाय मघांच्या पोस्टकार्डाचा. भिंगापुढें पट्टी धरली, तर ती झिरपता उजेडही अडविते, कारण तिला आंकड्यांशीं कर्तव्य नसतें. ज्या सभागृहांत रात्रीचे देखावे पुष्कळ दाखवावयाचे आहेत, तेथें ही साधी पट्टी महाग यंत्राइतकीच मोलाची ठरते.

तारांगणांचें उदाहरण येथें उद्बोधक आहे. पुण्यास न्यू इंग्लिश स्कूलमध्यें १९५४ सालीं आणि मुंबईस वरळी येथें १९७७ सालीं तारांगण सुरू झालें. जर्मनीतील झाइस कंपनीनें १९२३ पासून बनविलेल्या मोठ्या तारायंत्रांत तीसएक लहान प्रोजेक्टर गोलाकार बसविलेले असत. प्रत्येकाकडे आकाशाचा एकेक तुकडा सोंपविलेला असे, आणि सर्व तुकडे कडेस कड लावून घुमट भरत असे. तरी सांधा दिसत नसे. कां? तर तारे म्हणजे काळ्या पृष्ठावरील सुटे बिंदु. सांध्याच्या रेषेवर दाखविण्यासारखें कांहीं नाहींच. पुढें तारांगणांत संगणकाचीं यंत्रें आलीं. नुसत्या ताऱ्यांच्या जागीं ढग, समुद्र आणि ग्रहांचे पृष्ठभाग सलग दिसूं लागले. अनेक प्रोजेक्टरांनीं घुमट भरणाऱ्या ठिकाणीं तर सांध्याचा सारा प्रश्न नव्यानें उभा राहिला. चित्र जितकें सलग, तितका सांधा अवघड.

सोलापुरांत समारंभांस प्रोजेक्टर लावून देणारा माझा एक जुना विद्यार्थी आहे. त्याच्याकडून मी या विद्येची व्यवहाराची बाजू समजून घेतली. तो म्हणाला, "सर, माणसें भांडतात तीं बांधावरून; यंत्रांचेंही तसेंच असतें. मधल्या शेतांत कोणाची तक्रार नसते." त्याचा क्रम असा. यंत्रें चालूं करून प्रथम अर्धा तास तापूं द्यावयाचीं. थंड यंत्रावर लावलेला मेळ तापल्यावर सरकतो. मग चौकटींचें जाळें पडद्यावर टाकून, चढलेल्या भागांत दोन्ही जाळ्यांच्या रेघा एकावर एक बसेपर्यंत संगणकानें चित्र ताणावयाचें, वांकवावयाचें आणि मुरडावयाचें. मेळ एका ठिपक्यानें जरी चुकला तरी अक्षरें दुहेरी दिसतात. भिंत वांकडी असेल तर जाळेंही तितकेंच वांकडें करावें लागतें. मोठ्या ठिकाणीं हें काम कॅमेरा स्वतः पाहून करतो. जाळें बसल्यावर रंग जुळवावयाचा, आणि उजेडाची मिळवणी सर्वांत शेवटीं. क्रम उलटा केला, तर केलेलें सर्व काम पुन्हां करावें लागतें.

रंगाविषयीं त्यानें एक गोष्ट सांगितली, ती मला फार मोलाची वाटली. एकाच कारखान्याचे, एकाच दिवशीं घेतलेले दोन प्रोजेक्टरही अगदीं सारखे नसतात. एकाचा पांढरा किंचित् पिंवळट तर दुसऱ्याचा निळसर. त्यांत एक अधिक वापरला गेला, तर त्याचा दिवा मंदावतो. मंद यंत्रास तेज करतां येत नाहीं. म्हणून तेज यंत्रांसच त्याच्यापर्यंत खालीं यावें लागतें. याचा अर्थ, तीन यंत्रांपैकीं एकाची हेळसांड झाली, तर तिघांचेंही तेज जातें. म्हणून दिवे बदलावयाचे तर तिन्ही एकदम बदलावे, आणि चालवावयाचीं तर तिन्ही सारखे तास चालवावीं. लेसरच्या नव्या यंत्रांत तेज सावकाश उतरतें, पण नियम तोच.

आणि पडदा? चकचकीत, उजेड परतविणारा महाग पडदा येथें घातक आहे. तो उजेड सर्व दिशांस सारखा न टाकतां ठराविक दिशेस अधिक टाकतो. त्यामुळें मध्यें बसलेल्यास सांधा दिसत नाहीं, पण कडेच्या खुर्चीवरून एक चित्र उजळ आणि दुसरें मंद दिसतें. याला उत्तम पडदा म्हणजे चकाकी नसलेला, पांढरा, सपाट पृष्ठभाग. नीट गिलावा करून रंगविलेली साधी भिंत पुष्कळ वेळां विकतच्या पडद्यास हार जात नाहीं.

तेव्हां ज्या संस्थांच्या चालकांस असें काम करवून घ्यावयाचें असेल, त्यांनीं पैसे देण्यापूर्वीं चार गोष्टी स्वतः पाहाव्या. सगळा पडदा पांढरा करून पाहावा; उजळ किंवा काळा पट्टा लगेच दिसेल. मग तो निम्मा राखी करावा. घाताचा हिशेब चुकला असेल तर येथें उघडकीस येईल. नंतर पूर्ण काळा करून, सभागृहांतले दिवे मालवून, झिरपता उजेड पाहावा. शेवटीं सांध्यावरून एक ओळ बारीक अक्षरें चालवून वाचावीं. आणि हें सर्व पहिल्या रांगेच्या मध्यावरून न पाहतां कडेच्या आसनांवरून पाहावें. या परीक्षेस अर्धा तास पुरतो. ती न घेतल्याचा पश्चात्ताप मात्र यंत्राचें आयुष्य संपेपर्यंत पुरतो.

शेवटीं एक विनंती करावयाची आहे. खरोलिकेच्या काळीं आणि त्यानंतरही जादूचे कंदील अनेक शाळांत, वाचनालयांत आणि हौशी घरांत असत. त्यांच्या कांचा नाजूक, रंग हातानें भरलेला. एक फुटली कीं तिची जोड पुन्हां मिळावयाची नाहीं. जुना वाडा पाडतांना किंवा माळा साफ करतांना चौकोनी चौकटींत बसविलेल्या रंगीत कांचा हातीं आल्या, तर त्या भंगारांत घालूं नका, ओल्या फडक्यानें पुसूंही नका. मऊ कागदांत वेगवेगळ्या गुंडाळून उभ्या ठेवा, कोरड्या जागीं ठेवा, आणि एखाद्या संग्रहालयास किंवा पुण्याच्या राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयास कळवा. आज संगणक साइन-कोसाइनच्या वर्गांनीं जें साधतो, तें त्या कांचांमागें उभ्या राहिलेल्या माणसांनीं दोन हातांच्या मेळानें साधलें होतें. एका हातानें जितकें मिटावें, तितकेंच दुसऱ्यानें उघडावें, हें त्यांस कोणत्याही पुस्तकानें शिकविलें नव्हतें. तें त्यांनीं पडद्याकडे पाहून शिकून घेतलें.